पाणबुडीचा कमांडर: खडकवासल्यापासून कंट्रोल रूमपर्यंत

मुठाकाठ (धागाकर्ता)

एनडीएचा निकाल लागला की पुण्यातल्या क्लासवाल्यांच्या फ्लेक्सवर दोन चित्रं हमखास असतात, लढाऊ विमान आणि रणगाडा. पाणबुडी कुणी छापत नाही. त्यामुळे खडकवासल्यातून बाहेर पडलेला एखादा नौदल कॅडेट पुढे पाणबुडीचा कमांडिंग ऑफिसर कसा होतो, याची नीट माहिती मराठीत एका जागी सापडत नाही. ती इथे जमवू.

प्रश्न असे: शाखा कोणती, वर्षं किती, गळती कुठे होते? आणि मुख्य म्हणजे, कमांडरला असं काय यावं लागतं जे त्याच्या हाताखालच्या अनुभवी अधिकाऱ्यालाही येतंच असं नाही? 'अंगावर काटा आला' छाप प्रतिसाद कृपया दुसऱ्या धाग्यावर.

पाणतीर

आधी वाट सांगतो, ती सरळ आहे पण लांब आहे.

यूपीएससीची एनडीए परीक्षा वर्षातून दोनदा. गणित ३०० गुण, सामान्य क्षमता ६०० गुण, त्यावर एसएसबी मुलाखत ९०० गुणांची. म्हणजे लेखीइतकंच वजन एसएसबीला, हे क्लासवाले जरा हळू आवाजात सांगतात. नौदलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित हवं. खडकवासल्याला तीन वर्षं. शिडाच्या होड्या आणि वल्ह्यांचं शिक्षण धरणाच्या पाण्यावर, पीकॉक बेला. पुढचा मुक्काम केरळात एळिमला इथली नौदल अकादमी, मग कोचीच्या प्रशिक्षण ताफ्यावर समुद्राची ओळख.

सब-लेफ्टनंट झाल्यावर लगेच पाणबुडी मिळत नाही. आधी युद्धनौकेवर वॉचकीपिंगचं प्रमाणपत्र घ्यायचं, म्हणजे ब्रिजवर एकट्याने पहारा सांभाळायची परवानगी. पाणबुडी विभागात जाणं ऐच्छिक असतं. अर्ज केला की वेगळी वैद्यकीय तपासणी होते. त्यात कान आणि सायनस दाब सहन करतात का, हे नीट बघतात. बंद जागेची भीती असेल तर तीही इथेच उघडी पडते, आणि पडलेली बरी.

मग विशाखापट्टणमला आयएनएस सातवाहन ही पाणबुडी शाळा. वर्गातले काही महिने संपले की प्रत्यक्ष पाणबुडीवर 'डॉल्फिन'साठी उमेदवारी. डॉल्फिन म्हणजे पाणबुडीवाल्याचा बिल्ला. गळती सुरू होते ती इथे.

सूक्ष्मदर्शी

>>> प्रत्यक्ष पाणबुडीवर 'डॉल्फिन'साठी उमेदवारी <<<

यात नेमकं काय करावं लागतं? परीक्षा लेखी असते की तोंडी?

पाणतीर

मुख्यतः तोंडी आणि हातांची. उमेदवाराला वही घेऊन प्रत्येक कंपार्टमेंटमधली प्रत्येक नळी टोकापासून टोकापर्यंत हाताने माग काढत जावं लागतं. उच्च दाबाची हवा, हायड्रॉलिक तेल, समुद्राचं पाणी, इंधन, गोडं पाणी, वायुवीजन. मग तेच आकृतीत मांडायचं, वही न बघता. सिंधुघोष जातीच्या बोटीत सहा कंपार्टमेंट आहेत. प्रत्येकात आग लागली तर पहिला व्हॉल्व्ह कोणता बंद करायचा, श्वसनाचा संच कुठे लटकलेला आहे, शेजारच्या कंपार्टमेंटला निरोप कसा द्यायचा, हे सगळं अंधारात हाताने सापडलं पाहिजे.

हे फक्त अधिकाऱ्यांना नाही. स्वयंपाकी असो की वायरलेसवाला, डॉल्फिनचा बिल्ला छातीवर लावायचा तर बोट कळलीच पाहिजे. कारण साधं आहे. पाणी आत यायला लागलं की जो सगळ्यात जवळ आहे तोच व्हॉल्व्ह फिरवणार, मग तो कुठल्या का शाखेचा असेना.

बिल्ल्यानंतर अधिकारी नेव्हिगेशन, टॉर्पेडो, सोनार (पाण्यातला आवाज टिपणारं यंत्र), संदेशवहन अशी एकेक जबाबदारी घेत वर सरकतो. मध्ये स्पेशलायझेशनचा लांब कोर्स. मग एक्झिक्युटिव्ह ऑफिसर, म्हणजे बोटीतला दुसरा माणूस. त्यापुढे कमांडिंग ऑफिसर्स क्वालिफायिंग कोर्स, आणि तो पार केला तर कमांड. डिझेल-इलेक्ट्रिक बोटीचा कप्तान साधारण कमांडर हुद्द्याचा असतो, आणि कमिशनपासून तो हुद्दा मिळायलाच तेरा वर्षं जातात. अणुपाणबुडीवर कॅप्टन हुद्द्याचा अधिकारी असतो.

लोणावळा_लोकल

एक भर घालतो. पोरं आयएनएस शिवाजीची पाटी बघून समजतात की इंजिनिअर झालो की पाणबुडी चालवायला मिळेल. लोणावळ्याला मरीन इंजिनिअरिंग शिकवतात. तिथले अधिकारी पाणबुडीवर असतातच, त्यांच्याशिवाय बोट धक्क्यावरून हलणार नाही. पण कमांड फक्त एक्झिक्युटिव्ह, म्हणजे बोट चालवणाऱ्या-लढवणाऱ्या शाखेला. इंजिनिअर आणि इलेक्ट्रिकल अधिकारी आपापल्या खात्याचे प्रमुख होतात, कप्तान होत नाहीत. जेईई मेनच्या गुणांवर एळिमलाला बी.टेक. प्रवेशही मिळतो, पण शाखा एक्झिक्युटिव्ह की टेक्निकल, याकडे तेव्हाच लक्ष द्यावं. नंतर हळहळून उपयोग नाही.

मोजपट्टी

आता मूळ प्रश्नाकडे येतो: कमांडरला वेगळं काय यावं लागतं. माझं उत्तर, घड्याळाचं तोंडी गणित. बाकी सगळं इतरांनाही येतं.

ब्रिटिश आरमारात कमांडर निवडायची परीक्षा १९१७ पासून चालू आहे. तिला तिथे 'पेरिशर' म्हणतात. नापास झाला की पुन्हा संधी नाही, पाणबुडीतली वाट तिथेच संपते. आपला कोर्स त्याच जातीचा. गाभ्यात एक कसरत आहे: पेरिस्कोपच्या खोलीवर राहायचं, वरून फ्रिगेट (युद्धनौका) अंगावर घालतात, आणि कुणाची टक्कर न होता हल्ल्याची जागा गाठायची.

आकडे बघा. ३० नॉटने येणारी फ्रिगेट मिनिटाला ९२६ मीटर कापते. पेरिस्कोपच्या खोलीवरून तिच्या तळाखाली सुरक्षित जायला बोटीला समजा एक मिनिट लागतं. हुकूम द्यायला, चूकभूल धरायला आणखी एक. म्हणजे फ्रिगेट १,८५० मीटरवर आली की खाली जायलाच हवं. आत्ता ती ५,५०० मीटरवर दिसली. तर (५,५०० − १,८५०) ÷ ९२६ = ३.९ मिनिटं. तेवढ्या आत पेरिस्कोप पुन्हा वर काढून बघितलंच पाहिजे. मधला वेळ मोकळा नसतो. त्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रिगेटचं हेच गणित करायचं, नकाशा बघायचा, टॉर्पेडोची तयारी विचारायची. प्रत्येक जहाजाला एक स्टॉपवॉच.

चूक कुठे होते, तर अंतरात. पेरिस्कोपमधून अंतर थेट मोजत नाहीत. जहाजाच्या डोलकाठीची उंची धरून ती किती कोन व्यापते, हे बघतात. ३० मीटर उंच डोलकाठी ५,५०० मीटरवरून पावणेएकोणीस कला व्यापते, म्हणजे अंशाच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. आता जहाज ओळखण्यात गल्लत झाली आणि डोलकाठी खरं तर २४ मीटर होती असं समजा. कोन तोच, पण खरं अंतर ४,४००. म्हणजे हातात ३.९ नाही, २.७५ मिनिटं होती. सत्तर सेकंद परस्पर गायब, आणि तुम्ही अजून निवांत आहात.

तळठाव

मोजपट्टींशी निम्मा सहमत. पेरिस्कोपच्या आधी बोट तिथे स्थिर राहिली पाहिजे ना? ती राहते ट्रिमवर, म्हणजे वजनाच्या तोलावर.

पाण्याखाली बोटीचं वजन आणि तिने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन जवळजवळ सारखं लागतं. कलवरी जातीची बोट पाण्याखाली साधारण १,७७५ टन. म्हणजे घनफळ सुमारे १,७३० घनमीटर. समुद्राच्या पाण्याची घनता दर घनमीटरला १,०२५ किलो धरतात. ती एका किलोने जरी कमी झाली तरी बोट १.७३ टनांनी जड होते. पावसाळ्यानंतर बंगालच्या उपसागराच्या उत्तरेला नद्यांचं गोडं पाणी वर तरंगत असतं, तिथे घनता दहा किलोंनीही घसरू शकते. मग बोट एकदम १७ टन जड. पंपाने टाकीतलं पाणी बाहेर टाकेपर्यंत ती खाली जातच असते.

ट्रिमचा हिशेब निघण्याआधी कागदावर होतो: किती इंधन भरलं, किती धान्य, किती टॉर्पेडो, कोणती टाकी किती भरलेली. इंधन जळेल तशी त्याच्या जागी समुद्राचं पाणी घेतात, आणि पाणी डिझेलहून जड. म्हणजे खर्च झाला की बोट हलकी होईल या समजुतीच्या उलट घडतं. धान्य संपतं तिथे हलकी होते. टॉर्पेडो सुटला की नळीत पाणी शिरतं, त्याचं वजन टॉर्पेडोइतकं नसतं, तो फरक काही सेकंदांत टाकीने भरून काढायचा. नाही काढला तर नाक वर येऊन फिन (बोटीच्या पाठीवरचा मनोरा) पाण्याबाहेर, आणि ज्याच्यावर मारा केला त्यालाच दर्शन.

शिवाय अंतर्गत लाटा. वर समुद्र शांत, आणि खाली वेगळ्या घनतेच्या दोन थरांच्या सीमेवरून दहा-दहा मीटरच्या लाटा जातात. अंदमान समुद्र यासाठी प्रसिद्ध आहे. इंडोनेशियाची नंगाला ही पाणबुडी एप्रिल २०२१ मध्ये ५३ माणसांसह बालीच्या उत्तरेला गेली, तेव्हा अशाच लाटेची शक्यता बोलली गेली. शोधात मदतीला आपलं खोल पाण्यातलं बचाव वाहन विशाखापट्टणमहून निघालं होतं.

सूक्ष्मदर्शी

हल्ली ऑप्ट्रॉनिक मास्ट, म्हणजे कॅमेऱ्याचे पेरिस्कोप आलेत. दोन-तीन सेकंदांत गोल फिरून सगळं चित्र टिपतात, खाली स्क्रीनवर बसून बघा. लेझरने अंतर मोजा. मग स्टॉपवॉचचं हे गणित संग्रहालयात ठेवायचं नाही का?

मोजपट्टी

चित्र टिपायला वेळ कमी लागतो हे खरं. पण मास्ट वर काढली की रडारला दिसतेच. आणि लेझर म्हणजे समोरच्याच्या अंगावर टॉर्च मारणं, त्याच्याकडे इशारा देणारं यंत्र असेल तर संपलं. दोन चित्रांच्या मधल्या वेळात काय घडतंय, हे डोक्यातच चालवावं लागतं.

खरं तर पाणबुडीचा बहुतेक वेळ पेरिस्कोपवर जातच नाही, सोनारवर जातो. तिथे अंतर मिळतच नाही, फक्त दिशा. स्वतः आवाज सोडला तर अंतर कळेल, पण आपण कुठे आहोत हे समोरच्यालाही. म्हणून दिशेवरून अंतर काढायची युक्ती. एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्याच्या नावाने तिला एकेलंड पद्धत म्हणतात.

आधी सरळ जायचं आणि लक्ष्याची दिशा मिनिटाला किती अंश सरकते ते बघायचं. मग वळायचं, पुन्हा सरळ जायचं, पुन्हा बघायचं. समजा पहिल्या टप्प्यात आपण दृष्टिरेषेच्या उजवीकडे ४ नॉट सरकत होतो आणि दिशा मिनिटाला ०.४ अंश डावीकडे जात होती. वळून डावीकडे ४ नॉट गेलो, तर दिशा मिनिटाला १.२ अंश उजवीकडे. आपल्या आडव्या वेगातला फरक ८ नॉट, दिशेच्या सरकण्यातला फरक १.६ अंश. अंतर = १,७६८ × ८ ÷ १.६ = ८,८४० मीटर. १,७६८ हा नॉट आणि अंश यांचं मीटरमध्ये रूपांतर करणारा गुणक.

संगणक हेच करतो, जास्त सफाईने. पण गृहीतक दोघांचंही एकच: समोरचा सरळ, एकाच वेगाने चाललाय. तो वळला की उत्तर खोटं, आणि यंत्र ते खोटं उत्तर तितक्याच आत्मविश्वासाने दाखवतं. तो वळला हे आधी कुणाला कळतं? त्याच्या पंख्याच्या आवाजातला फरक कानाने पकडणाऱ्या सोनारवाल्याला. त्याचं ऐकायचं की स्क्रीनचं, हे ठरवायला कमांडर.

विद्युतघट

तिघांच्याही हिशेबात एक गोष्ट राहिली. हे सगळं बॅटरीवर चाललंय.

कलवरी जातीत ३६० सेल आहेत, प्रत्येकी ७५० किलोचे. एकूण २७० टन, म्हणजे बोटीचा साधारण सातवा हिस्सा निव्वळ बॅटरी. चार्जिंगला १,२५० किलोवॉटची दोन डिझेल इंजिनं.

वेग दुप्पट केला की प्रोपल्शनची, म्हणजे बोट पुढे ढकलायची, शक्ती आठपट लागते. समजण्यापुरते आकडे घेतो, कुठल्या खऱ्या बोटीचे नाहीत. बॅटरीत १०,००० किलोवॉट-तास. दिवे, सोनार, थंडावा, स्वयंपाक मिळून कायमचे १०० किलोवॉट. ४ नॉटला प्रोपल्शन ४० किलोवॉट. तर ४ नॉटने ७१ तास, सुमारे २८५ सागरी मैल. ८ नॉटने २४ तास, १९० मैल. १६ नॉटने पावणेचार तास, जेमतेम ६० मैल. शिसं-आम्लाची बॅटरी भराभर उपसली तर मुळात देतेच कमी, म्हणजे प्रत्यक्षात तेवढेही नाहीत.

म्हणून कमांडर वेगाकडे पैशासारखं बघतो. हल्ला करून पळताना सगळं उधळलं, तर पाठलाग करणारा वर थांबून राहतो. तुम्हाला कधी तरी चार्जिंगसाठी वर यावंच लागणार, हे त्यालाही ठाऊक.

चार्जिंग स्नॉर्कलने. नळीचं तोंड पाण्याबाहेर, इंजिन खाली चालू. लाट आली की तोंडावरचा व्हॉल्व्ह बंद होतो, इंजिन मात्र हवा ओढतच राहतं, ती मग बोटीच्या आतली. कानात दडे बसतात. दाब ठरलेल्या मर्यादेखाली गेला की इंजिन आपोआप बंद. खवळलेल्या समुद्रात हे पुन्हा पुन्हा होतं आणि दोन तासांचं चार्जिंग चार तासांवर जातं. तेवढा वेळ इंजिनाच्या आवाजाने स्वतःचं सोनारही बहिरं.

चार्जिंगच्या शेवटी सेल हायड्रोजन सोडतात. हवेत ४ टक्के झाला की ठिणगी पुरते, म्हणून वायुवीजन त्याच्या कितीतरी आधीच वाढवावं लागतं. बॅटरीत समुद्राचं पाणी गेलं तर क्लोरीन.

तळठाव

बॅटरीवरून, फेब्रुवारी २०१४ मधली सिंधुरत्न पाणबुडीची आग आठवत असेल. मुंबईजवळ समुद्रात बॅटरीच्या कंपार्टमेंटमध्ये केबलींना आग लागून धूर झाला. लेफ्टनंट कमांडर कपिश मुवाल आणि लेफ्टनंट मनोरंजन कुमार हे दोन अधिकारी गेले. त्याच दिवशी नौदलप्रमुख ॲडमिरल डी. के. जोशी यांनी राजीनामा दिला. त्याआधी सहाच महिने, १४ ऑगस्ट २०१३ ला, सिंधुरक्षक मुंबईच्या धक्क्यावर स्फोटांनी बुडाली होती, १८ जण गेले.

आग लागली की कंपार्टमेंटचं दार बंद करायचं असतं, आत माणसं असली तरी. दार उघडं ठेवलं तर धूर दोन मिनिटांत पुढच्या भागात. हा हुकूम द्यायची तालीम करता येते, पण प्रसंग आला की तो देतो एकच माणूस.

आत येणाऱ्या पाण्याचंही गणित डोक्यात असावं. २०० मीटरवर पाच सेंटिमीटर व्यासाची नळी फुटली तर मिनिटाला साधारण साडेचार टन पाणी. पंप त्या खोलीवर हळू चालतात. उपाय तीन, तेही एकाच वेळी: वेग वाढवून नाक वर करा, गळती वेगळी पाडा, आणि टाक्यांतलं पाणी उच्च दाबाच्या हवेने फुंका. खोलीवर हवा दाबली जाते, तितकाच साठा कमी पाणी बाहेर लोटतो. थ्रेशर ही अमेरिकन अणुपाणबुडी १० एप्रिल १९६३ ला १२९ माणसांसह गेली, तेव्हाच्या तपासात हवेतल्या दमटपणाने जाळ्यांवर बर्फ जमून हवेची वाटच अडल्याचं आढळलं. त्यामुळे हवा कोरडी करणाऱ्या ड्रायरची देखभाल हे काम कुणाला किरकोळ वाटत असेल तर वाटू नये.

पेठेतला_भूगोल

मुंबई आणि विशाखापट्टणम यांतला फरक कुणी काढला नाही म्हणून लिहितो. मुंबईसमोर उथळ भूखंडमंच तीनशे किलोमीटरच्या आसपास पसरलाय. २०० मीटर खोली मिळायला एवढं जावं लागतं. विशाखापट्टणमहून चाळीस-पन्नास किलोमीटरवर उतार सुरू. पाणबुडी विभागाची मुळं पूर्व किनाऱ्यावर रुजली, त्यात भूगोलाचा हा वाटा आहे. तिथला आयएनएस वीरबाहू तळ १९७१ चा, मुंबईचा वज्रबाहू १९९६ चा.

आवाजाचाही भूगोल असतो. गरम पाण्यात तापमान अंशाने वाढलं की आवाजाचा वेग सेकंदाला दोन-अडीच मीटरने वाढतो. एप्रिल-मे मध्ये अरबी समुद्राचा वरचा थर पातळ आणि तापलेला, दुपारी आणखी तापतो. आवाज खालच्या थंड पाण्याकडे वाकतो, त्यामुळे वरच्या जहाजाचं सोनार दुपारी तोकडं पडतं. जून-जुलैत वारा पाणी घुसळतो आणि तो थर जाड होतो. म्हणून कमांडर गस्तीवर आधी तापमान मोजणारा सेन्सर टाकून थर कुठे आहे ते बघतो. कुठे लपायचं आणि कुठून ऐकायचं, हे त्यावर ठरतं. दोन्ही एकाच खोलीवर क्वचितच जमतं.

सूक्ष्मदर्शी

आणि मासेमारी? कोकण किनाऱ्यावर तर रात्री दिव्यांचं गाव वसतं.

पेठेतला_भूगोल

शत्रूपेक्षा रोजचा धोका तोच. ट्रॉलर जाळं ओढताना हळू, तीन-चार नॉटने चालतो, मध्येच वळतो. इंजिन बंद करून तरंगणारी होडी सोनारला ऐकूच येत नाही. लाकडी किंवा फायबरची होडी रडारवरही जेमतेम दिसते. पेरिस्कोप पाण्यावर एक मीटर असेल तर क्षितिज फक्त पावणेचार किलोमीटरवर. २१ नोव्हेंबर २०२४ ला गोव्यापासून सुमारे ७० सागरी मैलांवर मार्थोमा ही मासेमारी नौका आणि स्कॉर्पीन (म्हणजेच कलवरी) जातीची पाणबुडी यांची टक्कर झाली. नौकेवर १३ जण होते, ११ वाचले.

खालून वर येताना पद्धत अशी. आधी सुरक्षित खोलीवर हळू होऊन पूर्ण वर्तुळात ऐकायचं. आपल्याच पंख्यामागचा भाग बहिरा असतो, म्हणून वळून तोही ऐकायचा. प्रत्येक आवाजाची दिशा सरकतेय का ते बघायचं. जो सरकत नाही आणि वाढतोय, तो अंगावर येतोय. मगच वर, आणि पेरिस्कोप पाण्याबाहेर येताच पहिली फेरी अंतर न मोजता, फक्त जवळ कुणी आहे का एवढंच बघायला. काही दिसलं की 'खाली' हा एकच शब्द.

मुठाकाठ

धागा वेगळ्याच खोलीवर गेला, छान. कमांडरच्या रोजच्या दिवसाबद्दल? हवा, पाणी, झोप?

विद्युतघट

हवेचा हिशेब सोपा आहे. स्वस्थ माणूस तासाला साधारण २२ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. ४५ माणसं म्हणजे जवळजवळ एक घनमीटर. बोटीत मोकळी हवा १,००० घनमीटर धरा, तर तासाला ०.१ टक्का. काहीच केलं नाही तर दहा तासांत १ टक्का, आणि तो पुढे वाढतच जातो. शोषक डबे वापरून तो खाली ठेवतात. ऑक्सिजनसाठी रासायनिक मेणबत्त्या किंवा रशियन बोटींत पुनर्जननाच्या चकत्या. या चकत्यांना तेल किंवा पाणी लागलं तर पेट घेतात, म्हणून हाताळणाऱ्याचे हात स्वच्छ आणि कोरडे हवेत. स्वयंपाकघरातून थेट उठून आलेला माणूस तिथे नको.

गोडं पाणी मोजून, अंघोळ जवळजवळ नाहीच. कप्तानाला स्वतःची छोटीशी केबिन मिळते, कंट्रोल रूमच्या लगत. बाकीच्यांना पहाऱ्याची पाळी असते, त्याला नसते. म्हणजे तो मोकळा नाही, कायम बोलावण्यावर. कधी उठवायचं याचे त्याचे लेखी हुकूम असतात: इतक्या अंतराच्या आत जहाज आलं, खोली इतक्याने चुकली, हायड्रोजन इतका झाला, की उठवा. हे हुकूम नीट लिहिणं हीच कला. फार लिहिले तर रात्रभर झोप नाही आणि चौथ्या दिवशी त्याचाच निर्णय चुकतो. कमी लिहिले तर बोलावणं उशिरा येतं.

लोणावळा_लोकल

थोडा इतिहास, कारण नावं सारखी येतात आणि गोंधळ होतो. पहिली कलवरी ८ डिसेंबर १९६७ ला तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या रिगा बंदरात दाखल झाली, कप्तान कमांडर के. एस. सुब्रमणियन. म्हणून ८ डिसेंबर हा पाणबुडी दिन. आत्ताची कलवरी १४ डिसेंबर २०१७ ची, माझगाव डॉकमध्ये बांधलेली. खांदेरी २०१९, करंज आणि वेला २०२१, वागीर २०२३, वाघशीर जानेवारी २०२५. यातली खांदेरी म्हणजे थळसमोरचं आपलं बेट. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी तिथे किल्ला उभारायला घेतला आणि मुंबईकर इंग्रजांना ते फार झोंबलं होतं.

१९७१ च्या युद्धात जुन्या करंजचे कप्तान होते कमांडर विजयसिंह शेखावत, वीरचक्र. पुढे १९९३ ते १९९६ नौदलप्रमुख. नवी करंज १० मार्च २०२१ ला दाखल झाली तेव्हा प्रमुख पाहुणे तेच. म्हणजे कमांडनंतरची वाट कुठवर जाते, याचं उत्तरही मिळालं. बहुतेकांची अर्थात तिथवर जात नाही. स्टाफ कॉलेज, मुख्यालयातली पदं, पाणबुडी शाळेत शिकवणं, स्क्वाड्रनची जबाबदारी, असं जातं. कमांडचा काळ मात्र छोटा, आणि एकदा सुटली की त्या हुद्द्यावर सहसा पुन्हा मिळत नाही.

सूक्ष्मदर्शी

शेवटचा प्रश्न. पुण्यातल्या मुलांना हे प्रत्यक्ष बघायचं तर?

पाणतीर

विशाखापट्टणमला समुद्रकिनाऱ्यावर आयएनएस कुरसुरा आहे, फॉक्सट्रॉट जातीची, १९६९ ते २००१ सेवेत, आता संग्रहालय. लांबी ९१ मीटर, सात कंपार्टमेंट. गर्दी ढकलत पुढे नेते, म्हणून आधीच ठरवून जा. कंपार्टमेंटच्या मधली गोल दारं बघा, त्यातून पाय आधी की डोकं आधी, हे स्वतः ठरवा. कंट्रोल रूममध्ये उभं राहून पेरिस्कोप, नकाशाचं टेबल आणि खोली राखणाऱ्यांची जागा किती हातांवर आहेत ते मोजा. एक व्हॉल्व्ह निवडा आणि त्याची नळी छतावरून पुढच्या दारापर्यंत कुठे जाते ते शोधा. दाराच्या पलीकडे गेल्यावर तीच नळी पुन्हा ओळखता आली तर डॉल्फिनच्या वहीचं पहिलं पान झालं.

मोजपट्टी

आणि मुंबई-पुणे प्रवासात बसमध्ये बसल्या बसल्या: समोरच्या टेकडीवरचा मनोरा, उंची माहीत असलेला. हात ताठ केला की करंगळीची जाडी साधारण एक अंश. मनोरा किती करंगळ्या उंच दिसतो त्यावरून अंतर काढा. ६० मीटरचा मनोरा एक अंश व्यापत असेल तर अंतर सुमारे ३,४४० मीटर. मग बसच्या वेगाने तिथे पोचायला किती मिनिटं, ते कागद न घेता. रस्ता वळणाचा असला की उत्तर चुकेल, ते का चुकलं हेही सांगता यायला हवं.